पाऊण तास

"पाऊण तासच का? अर्धा का नाही, एक का नाही?" पाहणी समितीबरोबर साताऱ्याहून आलेल्या उमा भिडे मॅडमनी विचारलं आणि विभागप्रमुख आठल्येसरांच्या हातातली काठी आलेखावर तशीच थांबली.

"पुष्कळ चाचण्या घेतल्या, मॅडम. त्यातून हा काळ निश्चित झाला."

मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या भरतेशच्या कपबशा वाजल्या. भरतेश मगदूम, सांगलीच्या या कॉलेजातल्या जंतुशास्त्र विभागाचा परिचर. अठरा वर्षं त्याने चंबू धुतले, जंतू वाढवले, पण इतकं धडधडीत खोटं त्याने या खोलीत ऐकलं नव्हतं.

चाचण्या कसल्या डोंबलाच्या! गेल्या वर्षीच्या, त्र्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. सर सांगून गेले, पाचला जंतूंचे चंबू पन्नास अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेव आणि जागचा हलू नकोस. आता भरतेश जैन. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. पन्नासच्या पाण्यात चंबू सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं. शेजारचा बाथ बेचाळीसवर होता. त्या कोमट पाण्यात चंबू ठेवून तो सायकलवर टांग मारून घरी गेला, राजमतीने वाढलेली भाकरी खाल्ली आणि परत येऊन चंबू पन्नासला हलवले. सरांचा हुकूम त्याने मोडला, एवढं खरं.

एरवी पन्नासचा चटका बसला की जंतू दुभंगायचंच विसरत आणि शेवयांसारखे नुसते लांब होत जात. त्या दिवशीचे मात्र थोड्याच वेळात पुन्हा एकाचे दोन होऊ लागले. सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, भरतेशकडून कोमट पाण्याची आणि जाण्यायेण्याच्या वेळेची कबुली घेतली आणि प्रयोग नासवला म्हणून त्याला मेमो दिला. बिचाऱ्याने माफीनामाही लिहून दिला: माझ्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही.

आठ दिवसांनी सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. कोमट पाण्यात जंतूंनी हीट शॉक प्रोटीनं तयार करून ठेवली होती. पुढे मोठा चटका बसला तेव्हा ती मोडलं-बिघडलं सावरायला हजर होती, म्हणून विभाजन पुन्हा सुरू झालं. झालं! 'आधी पाऊण तास कोमट पाणी' हा आपलाच शोध म्हणून सर बंगलोरच्या परिषदेत टाळ्या घेऊन आले. माफीनामा मात्र फाइलीतच राहिला.

"सर, तेवढा कागद परत द्या की," भरतेशने एकदा धीर करून म्हटलं होतं.

"रेकॉर्ड आहे ते. भाजीची पिशवी नव्हे मागितली की द्यायला."

आज त्याने ट्रे टेबलावर ठेवला. "आवं मॅडम, मी सांगतो. घरी जाऊन, जेवून परत यायला पाऊण तास लागतो. म्हणून पाऊण तास."

"भरतेश! बाहेर हो!"

तो हलला नाही. खिशातून त्याने मेमो काढला. 'सायंकाळी पाच दहा ते पाच पंचावन्न, विनापरवानगी गैरहजर.' मॅडमनी सरांच्या अहवालाचं पान उलटलं. कोमट पाण्याच्या प्रयोगाची तारीख तीच होती, वेळही तीच.

"सर, ही सही तुमचीच ना?"

"तो... कार्यालयीन भाग आहे, मॅडम."

मॅडम भरतेशकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय?"

"नाव नगं मला. मी चूक केली असं माझ्या हातानं लिवून दिलंय, तेवढं परत द्या. चूक न्हवती ती."

समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. हा विषय आपल्या कक्षेत येत नाही, म्हणाले. मॅडमनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि अहवाल मिटून ठेवला. बाकीच्यांनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि अहवालावर 'उत्तम' असा शेरा मारला. चोर तो चोर, वर शिरजोर! आणि ही शिकलेली माणसं.

पाच वाजून दहा मिनिटांनी सरांनी हाक मारली, "भरतेश, बशा उचल. आणि चंबू ठेवायचेत, जाऊ नकोस."

इतकी वर्षं तो मागच्या दाराने गुपचूप सटकायचा. आज त्याने टेबलावरच्या हजेरीबुकात सरांच्या देखत लिहिलं, 'जेवायला जातो', खाली सही केली आणि पुढच्या फाटकातून सायकल काढली.

राजमती वाटच बघत होती. "दिला का वो कागद?"

"न्हाई."

"मग?"

"वाढ."

भाकरी गरम होती. तो खाली मान घालून सावकाश जेवत होता. घड्याळाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी त्याला जेवायला तास लागला.