डोळ्यातली अंडी

त्या आठवड्यात वणीजवळच्या आमच्या गावात निम्म्या लोकांनी काळे चष्मे लावले होते. डोळ्यांची साथ होती. आणि पारावर नेत्रबाबा बसला होता, लोकांच्या डोळ्यांतून किड्यांची अंडी काढत. आधी डोळ्यात बोट फिरवायचा, मग डोळा मिटून एकशे आठ वेळा जप करायला लावायचा. तानाबाईच्या डोळ्यातून तीन निघाली, हिरासिंगच्या चार. गिळगिळीत, मधोमध काळा ठिपका. वाटीत अंडं पडलं की गर्दी हात जोडायची.

माझ्या पाच वर्षांच्या गौरीचेही डोळे लाल झालेले. सकाळीच डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, "व्हायरल आहे. पोरगी धडधाकट आहे, तिचं शरीरच त्याला आठ-दहा दिवसांत हाकलेल. टॉवेल वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा. दुखलं, उजेड सोसेना किंवा धूसर दिसलं, तर लगेच या."

सासूबाईंना हे पटलं नाही. "सुई नाही, गोळी नाही. असा कसा डाक्टर? चाल बाबाकडे."

मी गेले. कबूल करते, 'न नेऊन काही झालं तर' हा किडा माझ्याही डोक्यात होताच.

बाबाने गौरीला पुढ्यात बसवलं. "घाबरू नको बेटा. या बोटानं बारा हजार किड्यांचं खानदान बेघर केलं."

मी ते बोटच बघत होते. आई झाल्यापासून मला आधी माणसांची नखं दिसतात. करंगळीचं नख लांब, खाली काळं काहीतरी. आणि हेच बोट तानाबाईच्या डोळ्यातून थेट हिरासिंगच्या डोळ्यात गेलं होतं.

गौरीला मी मागे ओढलं. "बाबा, आधी हात धुवा. साबण आहे माझ्याकडे."

"साबणानं मंत्र धुऊन जाईन, बाई."

"मंत्र जिभेवर असतो ना? जीभ नका धुऊ."

गर्दी हसली. सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "धुऊन टाका ना महाराज. माही सून लय भेकड हाय, ऐकाची नाही."

बाबाला सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. ताटलीवर त्याचा हात धरून मी पाणी ओतलं आणि काडीने त्याचं नख कोरलं. पाच-सहा काळे दाणे ताटलीत पडले. बाबा झोळी आवरू लागला. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढरट, बुळबुळीत गोळा फुगला.

तानाबाई वाकली. उन्हाळ्यात ती बसस्टँडवर सरबत विकते. "हा तर सब्जा हाय. काहून बाबा, माह्या डोळ्यात सरबत करून राह्यला होता का?"

डोळा मिटून एकशे आठ वेळा जप कशाला, ते तेव्हा कळलं. डोळ्यात सारलेलं बी फुगायला तेवढा वेळ लागायचा. हिरासिंगने झोळी धरली. "थांब महाराज. अंडी देल्ली, आता उबवून जाय."

बियांनी हिरासिंगचा डोळा खरचटला होता, त्याला डॉक्टरांकडून मलम घ्यावं लागलं. गौरीचे डोळे नवव्या दिवशी स्वच्छ झाले. सासूबाई म्हणाल्या, "काहीच नाही देल्लं, तरी बरी झाली पोरगी."

तेच तर सांगायचंय. अशी साथ बहुतेकदा आपलं निरोगी शरीरच परतवतं. त्याचं श्रेय पारावरच्या कुणाला देऊ नका. आणि डोळ्याला हात लावायला कुणीही आला, तर आधी त्याला साबण द्या.