उकळत्या पातेल्यातले तीन मीटर

आमच्या गाडीच्या तापमानाच्या काट्यानं मान टाकली आणि आमच्या ह्यांना तीन महिने पत्ताच नव्हता. काटा मधोमध अडकून बसलेला, म्हणून हे निर्धास्त. शेवटी चढावर रेडिएटर उकळला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "काका, आणखी एकदा अशी तापली तर इंजिन गेलं म्हणून समजा. बाहेरून मीटर आणा, मी बसवून देतो."

रविवारी लेकीकडे जायचं होतं. नात दोन महिन्यांची झाली तरी आम्ही तिला फोनवरच बघत होतो. जावईबापूंनी टॅक्सी पाठवायची तयारी दाखवली, तर ह्यांना राग आला. स्वतःची गाडी असताना टॅक्सी? माणूस मोडेल पण वाकणार नाही. म्हणजे गाडी वाटेत बसली की नातीची भेटही बसली.

महागाचा मीटर घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, म्हणून हे स्वस्तातले तीन घेऊन आले. नको ते परत घ्यायला दुकानदार तयार होता. एकात निळे-हिरवे दिवे, दुसऱ्याला चकचकीत कडा, तिसरा पांढरी तबकडी नि काळे आकडे, शाळेतल्या घड्याळासारखा. ह्यांचा जीव अर्थातच दिव्यांवर.

"यातला खरं कोण बोलतोय ते कसं कळणार?" मी विचारलं.

"तुला गाडीतलं काय कळतंय?"

तीस वर्षं हेच वाक्य ऐकतेय. म्हटलं, "गाडीतलं नसेल कळत, पण पातेल्यातलं पाणी शंभराला उकळतं एवढं कळतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर गाडीची बॅटरी, वायरींचा गुंता आणि गॅसवर माझं दुधाचं पातेलं. पाणी खळखळायला लागल्यावर तिन्ही मीटरांच्या वायरींच्या टोकाचे सेन्सर त्यात सोडले. दिवेवाला ब्याऐंशीवर थांबला, चकचकीत एकशेसतरावर पोचला. शाळेतलं घड्याळ नव्याण्णव.

"पातेलं म्हणजे गाडी नव्हे," असं म्हणून ह्यांनी पांढऱ्याशेजारी दिवेवालाही बसवून घेतलाच. मेकॅनिकनं माझ्याकडे बघून खांदे उडवले.

रविवारी चढ लागला. पांढऱ्याचा काटा पंचाण्णव, शंभर, एकशेआठ. दिवे मात्र हिरवेगार.

"नव्वदच आहे, घाबरू नकोस," हे म्हणाले.

"गाडी थांबवा."

"अगं, पण..."

"पातेलं आठवा आणि थांबवा!"

थांबवली. मी चिडले होते. बॉनेट उघडलं तर पाइपाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. पाऊण तास इंजिन गार होऊ दिलं, मग ह्यांनी क्लिप आवळली, बाटल्यांतलं पाणी भरलं. निघताना खिशातला रुमाल काढून त्या दिव्यांवर टाकला. पांढऱ्याचा काटा नव्वदवर आला आणि पोचेपर्यंत तिथेच राहिला.

नात माझ्या मांडीवर आली आणि तिनं माझं बोट घट्ट धरलं. मला रडूच आलं.

लेकीनं विचारलं, "बाबा, गाडीनं त्रास नाही ना दिला?"

वाटलं, आता दिव्यांचं कौतुक सुरू होणार. हे बूट काढत म्हणाले, "देणार होती. तुझ्या आईला गाडीतलं कळतं, म्हणून पोचलो."

तीस वर्षांनी! नात मांडीवर होती म्हणून, नाहीतर पुन्हा एकदा म्हणायला लावलं असतं.