सेनचा दुपारचा भाव

सेन या डिजिटल टोकनचा, म्हणजे एका आभासी चलनाचा, भाव रोज दुपारी, जेवणे आटोपल्यानंतर, सुमारे तासभर जागचा हलत नसे. त्याच तासात इतर टोकनांचे भाव नेहमीप्रमाणे खाली-वर होत असत.

दिएपच्या हे लक्षात आले ते मार्गदर्शिका लिहिताना. सायगॉनमधल्या तिच्या कंपनीने डिजिटल टोकनांचे भाव तपासणारे सॉफ्टवेअर तयार केले होते. निरनिराळ्या पुरवठादारांकडून आलेले भाव ते एकमेकांशी ताडून पाही आणि एखादा भाव अडकला किंवा भरकटला की त्यावर लाल खूण करी. ते कसे वापरावे हे गिऱ्हाइकांना लिहून समजावणे हे दिएपचे काम. 'अडकलेला भाव' या प्रकरणासाठी तिला एक खरे उदाहरण हवे होते. लाल खुणा पुष्कळ होत्या. तिने सेन निवडले, कारण सेनचा भाव पुरवणारा माणूस खिएम होता.

दोन वर्षांपूर्वी ती खिएमच्या कंपनीत प्रोग्राम लिहीत असे. सात बाजारांतले भाव आणून त्यांचा मध्य काढणारा प्रोग्राम तिचाच. एके दिवशी सेनचा भाव एकाएकी दसपट दिसला, अनेकांचे हात पोळले, आणि खिएमने तिला साऱ्या कचेरीसमोर उभे करून सांगितले, "खोट हिच्या प्रोग्राममध्ये आहे." त्यानंतर शहरात तिला प्रोग्राम लिहिण्याचे काम कोणी दिले नाही. ती दुसऱ्यांच्या प्रोग्रामांची वर्णने लिहू लागली. खिएमचा सूड घ्यायचा आहे, ही गोष्ट तिने स्वतःपासून कधी लपवली नाही. म्हणूनच या उदाहरणापुरता तिने स्वतःवर कमीत कमी विश्वास ठेवला.

आपलेच सॉफ्टवेअर अडखळते का, हे तिने आधी पाहिले. अडखळत नव्हते. दुपारी सेनची खरेदी-विक्री थांबते का, तेही पाहिले. थांबत नव्हती.

"ताई, ती स्क्रीन बंद कर ना," शेजारच्या टेबलाखाली चटई टाकून पडलेली तिची सहकारी न्या कुरकुरली. कचेरीतले दिवे दुपारच्या झोपेसाठी केव्हाच मालवलेले होते. "डोळ्यांवर उजेड येतो. भाव काय पळून जाणारेत तुझे?"

"पळत नाहीयेत, तेच तर बघतेय."

"मग जेवून आडवे झाले असतील. शहाणे आहेत तुझ्यापेक्षा." न्याने डोक्यावरून जाकीट ओढून घेतले.

दिएप बराच वेळ त्या स्थिर आकड्याकडे पाहत राहिली.

या शहरात दुपारच्या झोपेत फोन करावा तो कोणाचा जीव गेल्यावरच. दिएपने दुसऱ्या दिवशी त्याच वेळी खिएमला फोन लावला.

"हॅलो... काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही, खिएमदादा. दिएप बोलतेय. मार्गदर्शिका लिहितेय, थोडी माहिती हवी होती."

"अगं, ही काय वेळ आहे? माणूस जेवून पडलाय!"

"सेनचा भाव कुठून येतो, एवढंच सांगा."

"सात बाजारांतून. यंत्र आणतं. मधे माणसाचा हात लागत नाही. झालं? ठेव आता."

तिने फोन ठेवला. थोड्याच वेळात सेनचा भाव हलला.

एकदा घडलेली गोष्ट पुरावा ठरत नाही. फोन कोणत्या दिवशी करायचा हे आपल्या इच्छेवर राहू नये, म्हणून सकाळी आवारात शिरणाऱ्या पहिल्या स्कूटरच्या पाटीचा शेवटचा अंक ती पाही. विषम असेल तर खिएमला फोन, सम असेल तर त्याच्या कचेरीतल्या हिशेबनिसाला. हिशेबनीस उठला तर भाव झोपलेलाच राही. खिएम उठला की भाव उठे. खिएमच्या शिव्या दिवसागणिक वाढत गेल्या. त्या ऐकताना तिला जे वाटे ते पुराव्यात मोडत नव्हते. पण तिने ते मनापासून चाखले.

महिनाअखेरीस तिने प्रकरणाचा मसुदा विभागप्रमुख क्वेनताईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि खिएमला फोन लावला.

"खिएम, दिएप समोर बसलीये, फोन मोठ्या आवाजावर आहे. तिनं लिहिलंय की सेनचा भाव तुम्ही हातानं भरता. खोटं असेल तर आत्ता सांगा, मी खोडते."

पलीकडून खिएम म्हणाला, "ताई, धंदा तुम्हालाही कळतो. बाजारातला भाव जसाच्या तसा दाखवला तर उद्या सेनला कुत्रं विचारणार नाही. जरा हात फिरवावा लागतो. बाकीची टोकनं यंत्रावरच आहेत ना!"

"आणि तो दसपट भाव?" दिएपने विचारले.

"झोपेतून उठून भरला. एक शून्य जास्त पडलं. माणूस आहे मी."

"मग मला का उभं केलंत?"

"कोणाला तरी उभं करावंच लागलं असतं, पोरी. जुनं कशाला उकरतेस? 'काही पुरवठादारांकडे' असं लिही. माझं नाव कशाला?"

"माझं नाव घेतलंत, तेव्हा 'काही कर्मचाऱ्यांकडून' म्हणाला होतात?"

तो पुन्हा बोलू लागला, तोच क्वेनताईंनी फोन बंद केला. मसुदा उचलून त्या म्हणाल्या, "नाव राहू दे. पण 'निर्लज्ज' काढ. 'लबाड' काढ. सूड दिसतो."

"सूडच आहे, ताई."

"असू दे. विशेषणं काढलीस की खोलवर लागेल."

दिएपने एकेक विशेषण खोडले. सगळी गेली तेव्हा तिला दिसले की ताईंचे बरोबर होते. उरलेला मजकूर सर्व गिऱ्हाइकांकडे गेला, तो असा:

'सेनचा भाव रोज दुपारी स्थिर राहतो. कारण: हा भाव बाजारांतून येत नाही. पुरवठादार कंपनीचे मालक श्री. खिएम तो स्वतः हाताने भरतात आणि जेवणानंतर झोपतात. दोन वर्षांपूर्वी दिसलेला दसपट भावही त्यांनीच भरला होता. प्रोग्राममध्ये खोट नव्हती.'