पांढरी कड

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ज्ञानदा शेवाळेच्या अंगाभोवती बोटभर रुंदीची पांढरी कड उमटली होती. केसांपासून बुटांपर्यंत, मध्ये कुठेही न तुटता.

लोहार मॅडमनी तिला रांगेतून बाहेर काढलं. "शेवाळे, गणवेशावर हे चालत नाही. उद्या काढून यायचं."

"हो मॅडम," ज्ञानदा म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या ओवी मुळीकने कड लगेच ओळखली. ओळखणारच. शनिवारी तिनेच ती कापली होती. गॅदरिंगच्या तालमीत दोघींनी गळ्यात गळा घालून फोटो काढला आणि नेमकी ज्ञानदाला शिंक आली. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, नाकपुड्या फुललेल्या. ओवीने फोटोतून तेवढी ज्ञानदा उचलली, तिचं स्टिकर केलं, खाली 'भूक लागली' असं लिहिलं आणि 'मॅडम सोडून दहावी ब' या ग्रुपवर टाकलं. एकेचाळीस जण हसले. बेचाळिसावी ज्ञानदा. तिनेही एक हसरा चेहरा पाठवला. म्हणजे तिला चालतंय, असं ओवीने गृहीत धरलं.

मंगळवारी ज्ञानदाची जाडी गेली. समोरून ती होती, बाजूने नव्हती. एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या ओवीला फक्त एक उभी रेघ दिसायची. समोर जाऊन पाहिलं, तर डोळे मिटलेले आणि तोंड उघडं.

"शिंकून टाक ना एकदाची."

"येत नाहीये," ज्ञानदा म्हणाली. "शनिवारपासून अडकलीय."

बुधवारी ती मधूनच नाहीशी व्हायला लागली. कुणी स्टिकर पाठवलं की तिला तिथे जावं लागे. टप्प असा आवाज व्हायचा आणि बाकाची तेवढी जागा रिकामी. परत येताना तिच्या अंगाला कधी लोणच्याचा वास यायचा, कधी दवाखान्याचा. आणि दरवेळी ती थोडी लहान होऊन यायची.

"आता कुठे गेलेलीस?"

"उंब्रजला. कुणाचा तरी वाढदिवस होता. केक नाही दिला."

मधल्या सुट्टीत ओवीने प्रणीत बाबरला गाठलं. "ते स्टिकर काढून टाक."

"मी कुठं बनवलंय? मी नुसतं पुढं ढकललं."

ओवीने एकेचाळीस जणांना विचारलं. एकेचाळीस जणांनी नुसतं पुढं ढकललं होतं. बनवणारं माणूस अख्ख्या वर्गात एकच निघालं, आणि ते विचारत फिरत होतं.

घरी आई एका हाताने चपाती उलटत, दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघून हसत होती. "ओवी, बघ गं किती गोड पोरगी! आमच्या भिशीच्या ग्रुपवर जेवायच्या वेळी रोज हीच येते."

"आई, ही ज्ञानदा आहे. दर रविवारी आपल्याकडे जेवायला असते."

आईने फोन लांब धरून निरखून पाहिलं. "छे गं. तिला कड नाहीये."

गुरुवारी ओवीने लोहार मॅडमना सगळं सांगितलं. मीच केलं, असंही सांगितलं. मॅडम संतापल्या. संतापायलाच हवं होतं.

"दाखव मला. असं नको, पाठवून ठेव. पुरावा लागतो."

ओवीने पाठवलं. टप्प.

दहा मिनिटांत मॅडमनी ते स्टिकर पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली मजकूर होता : 'ही प्रतिमा कोणीही पुढे पाठवू नये. हा संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' पालक आज्ञाधारक होते. त्यांनी दुसरं वाक्य पाळलं.

शुक्रवारी ज्ञानदा अंगठ्याएवढी उरली. वर्गातला पंखा चालू होता आणि तिचे कोपरे उचकटायला लागले होते. ओवीने तिला तळहातावर घेतलं, दुसऱ्या हाताने बाकाखाली फोन धरला आणि शनिवारचा मूळ फोटो उघडला. त्यात ओवी हसत होती. तिचा हात एका भोकाच्या खांद्यावर होता. भोकातून गार वारा येत होता.

"तुला परत इथे बसवते," ती कुजबुजली आणि नखाने ज्ञानदाची कड उचलायला लागली.

"थांब." उघड्या तोंडातून बारीक आवाज आला. "आधी विचार."

ओवी थांबली. सहा दिवसांत तिने सगळ्यांना विचारलं होतं. हिला सोडून.

"चालेल तुला?"

ज्ञानदाने श्वास आत घ्यायला सुरुवात केली. उत्तर येणार होतं, किंवा शिंक.

"ए बघा रे," मागून प्रणीत बाबर म्हणाला, "मुळीक हाताशी बोलायला लागली." त्याच्या फोनच्या कॅमेऱ्याचा खट् असा आवाज झाला. शाळेत फोन आणायला बंदी होती, त्यामुळे सगळ्यांचे फोन दप्तरात होते. उरलेली चाळीस दप्तरं एकदम थरथरली.

ओवीने घाईघाईने मूठ मिटली. आत ज्ञानदाचा श्वास अजून आतच जात होता, आणि मुठीभोवती बोटभर रुंदीची पांढरी कड होती.