वाजलेली मेख

प्रेमाने शेजारच्या शुभाताईंच्या फ्रीजमधून कडाप्प्याचे दोन तुकडे आणले आणि ताटात उभे केले. तुकडे सुतळीने घट्ट बांधलेले होते. आदल्या संध्याकाळी तिने मधली फट कणकेने खालून लिंपली होती, त्यात पाणी ओतलं होतं आणि श्यामसुंदरची, तिच्या भावाची, कडा चढताना भेगेत ठोकायची एक लोखंडी मेख आत सोडली होती. आता सगळं गोठलं होतं.

"मार," ती मधुकरला म्हणाली.

मधुकर घाटकोपरच्या त्या खोलीत दाराशीच उभा होता. लाहौलच्या पलीकडच्या ग्रॅनाइटच्या सुळक्यावर तो आणि श्याम बरोबर होते. सकाळी चढताना तिथली मेख मधुकरने ठोकली होती. दुपारी उतरताना श्याम त्याच मेखेला दोर लावून आधी निघाला आणि मेख निसटली. देहही आणता आला नाही. तेव्हापासून प्रेमाची आई मधुकरशी बोलत नव्हती. आल्यागेल्याला मात्र सांगायची, "ह्याच्या कच्च्या हातान माझो झील खाल्लो."

मधुकरने हातोडी मारली. घट्ट बसलेल्या मेखेचा टणकन आवाज आला.

"अशीच वाजली होती गं सकाळी. श्याम ओरडला पण, झकास रे मध्या!"

प्रेमाने ताट खिडकीत, ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं. चहा केला. आईने मधुकरपुढे कप सरकवला नाही, तेव्हा प्रेमाने स्वतःचा दिला.

थोड्या वेळाने मेख कलली. वर्गात मुलांना दाखवावी तशी प्रेमाने ती दोन बोटांनी उचलली.

"तिथल्या भेगांत बर्फ असतो, आई. सकाळी त्यानेच मेख धरली होती. उन्हाने सोडली." मग मधुकरकडे वळून, "उतरताना पुन्हा ठोकून पाहिली नाहीस?"

"एकदा वाजलेल्या मेखेला पुन्हा हातोडी लावायची नाही. आपला दगड ठिसूळ, परत ठोकलं की सैल होते. कान्हेरीच्या कातळावर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"कुणी?"

मधुकरने कप खाली ठेवला.

"श्यामने?"

"काकींसमोर कशाला काढतेस, यार," तो हळूच म्हणाला.

आई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे ह्याची चूक नाय?"

"नाही."

"आणि श्यामाची?"

"त्याचीही नाही, आई. इथल्या दगडाला ते बरोबरच होतं."

"मगे मी आता रागवू कोणावर गो?"

 

आईने प्रेमाच्या हातातून ओली मेख घेतली. तळव्यावर धरली.

"गार आसा," ती म्हणाली. मधुकरला. "थय अशीच थंडी, रे?"

"ह्याहून जास्त, काकी."

"तेका थंडी सोसत नाय."

तिने मेखेभोवती पदर गुंडाळला आणि दोन्ही हातांत धरून ती ऊब देत बसली.