एकोणिसावा दिवस

एकोणीस.

मावशी डब्यात बोट घालून चाखते, साखर आहे याची खात्री झाली की मग चहात टाकते.

डस्टर कोरडं. त्याने आकडा पुसला जात नाही, नुसता पसरतो.

रोज सकाळी दहाला चारशे माणसं एकाच दारावर थापा मारतात.

"घाई कुणाला झालीय?" हे आमच्या साहेबांनी इतक्यांदा विचारलंय की ऑफिसात त्यांचं नावच सबुरी पडलंय.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. नसता तर बरं झालं असतं.

मी डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळते. ऑपरेशनच्या तारखा रोज दहाला साइटवर खुल्या होतात. गर्दी उसळते, आणि मागेल त्याला पान काढून देणारं आमचं जुनं सॉफ्टवेअर मान टाकतं. स्क्रीनवर चाक फिरत राहतं. ते थांबतं तोवर तारखा संपलेल्या असतात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पक्की म्हणून सोडलेल्या नव्या स्थिर आवृत्तीत हा दोष काढलाय. चाचणीच्या मशीनवर मी दोनदा खोटी गर्दी सोडून पाहिलं; हूं की चूं नाही.

पण सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद आहे: ‘स्थिर आवृत्ती आल्यावर एकवीस दिवस थांबा. कुणाची तक्रार आली नाही, तरच बसवा.’ शेजारी फळा, त्यावर रोजचा आकडा. गोम अशी की बनवणारे दर अठरा-वीस दिवसांनी काहीतरी किरकोळ बदलून पुढची आवृत्ती सोडतात, आणि सबुरीसाहेबांच्या हिशेबी पुढची आली की पुन्हा एकपासून. साहेब इथे आले दोन वर्षांपूर्वी. कागद त्याआधीचा, म्हणून त्यांना तो शिलालेखच वाटतो. चार महिन्यांत सहा वेळा फळा पुसला.

मावशीलाही मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हवीय; दहा वाजून सहा मिनिटांनी तिचा फोन ठरलेला. आज पण चाकच गं, तुझंच दुकान ना ते, मग दाराला कुलूप कशाला. मागच्या दाराने तारीख काढून देणं माझ्या हातात होतं. तिनेच नको म्हटलं. बाकीच्यांच्या डोळ्यांत काय माती पडलीय का, म्हणाली. गेल्या आठवड्यात तिने चहा कपाऐवजी स्वतःच्या मनगटावर ओतला. फोड अजून आहेत.

आणि एकोणिसाव्या दिवशी पुढची आवृत्ती आली.

साहेब स्वतः डस्टर घेऊन आले. "पुसा."

नव्या आवृत्तीत काय बदललंय ते वाचलंत का, मी विचारलं. नव्हतं वाचलं. मदतीच्या पानाचा रंग बदलला होता.

"जी एकोणीस दिवस शांत राहिलीय ती काही पळून गेलेली नाही, साहेब. तीच बसवू. परवा."

"आणि नियम? ज्याने लिहिला, त्याने विचार करूनच लिहिला असेल ना?"

"घाबरून लिहिलाय तो."

"तुम्हाला काय माहीत?"

मी त्यांच्या हातातलं डस्टर घेतलं, माझ्या खणात टाकलं आणि किल्ली फिरवली. पुढचे दोन दिवस फळ्यावर वीस आणि एकवीस मीच लिहिलं. साहेब येता-जाता बघायचे, कप जरा आपटून ठेवायचे. थांबवलं मात्र नाही. एकविसाव्या दिवशी दुपारी मी आवृत्ती बसवली. अकरा मिनिटं लागली. चार महिने आणि अकरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दोन मिनिटांनीच फोन वाजला.

"चाक आलंच नाही गं. चष्मा शोधेपर्यंत पान समोर. नऊ तारीख मिळाली." मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "एवढं सोपं होतं, तर इतके दिवस काय करत होतीस?"

भिंतीवरचा तो कागद मी लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, आल्या दिवशीच नवी आवृत्ती बसवून सहा तास साइट बंद पाडली त्याच्या दुसऱ्या दिवशी.