मिरचीला टेम्पोत कोण चढवणार?

म्हातारी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मित्रांनो. पण समोर येऊन म्हणा. मी एक बावीस वर्षांची घोडी आहे आणि माझे कान अजून तिखट आहेत. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. घोड्याची बावीस वर्षं म्हणजे माणसाची किती, ते तुमचं तुम्ही मांडा. मला एवढंच कळतं, की दात झिजले म्हणून अक्कल झिजत नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका मोठ्या पागेत झाला. तेव्हा मी पाटीसारखी काळी होते. दर वर्षी थोडी थोडी पांढरी होत गेले. तुमच्या आज्यांचंही असंच झालं असणार, फक्त मला कोणी मेंदी थापली नाही. कागदावर माझं नाव चांगलं लांबलचक इंग्रजी होतं. ते मला कधी नीट ऐकूही आलं नाही, कारण रेसकोर्सवर मला त्या नावाने हाक मारणारे सगळे एकदम ओरडायचे. तीन वर्षं पळाले. दोनदा पहिली आले. मग एकदा पाय मुरगळला, आणि ज्यांनी माझ्या गळ्यात हार घातले होते त्यांनीच मला विकायला काढलं.

तळवलीच्या हिरामणशेठने मला घेतलं. त्याच्या बापजाद्यांची भातशेती होती. आता तिथे इमारती आहेत. इमारतींच्या मागे जो तुकडा उरला त्यावर त्याने पत्र्याचा तबेला बांधला. त्याच्या आईचं नाव गोजराबाई. ती मला बघायला आली तेव्हा मी तिच्या डोक्यावरची आंब्याची पाटी नाकाने पाडली. बाई हसली आणि म्हणाली, "ही घोरी नाय, मिरची हाय मिरची!" तेच नाव पडलं. आवडलं मला. निदान तोंडात बसतं.

तिथून मी लग्नाची घोडी झाले. पनवेलचे बदरुद्दीन चाचा मला नाच शिकवायला यायचे. चाबूक त्यांच्याकडे नव्हताच. बेंजो वाजला की माझ्या गुडघ्याला बोटाने टिचकी मारायचे आणि पाय उचलला की गुळाचा खडा द्यायचे. असं करता करता बेंजो आणि पाय यांची अशी गाठ पडली, की बेंजो वाजतो आहे आणि मी उभी आहे, हे जमायचंच नाही. बेलापूर रोडपासून खाडीपर्यंतच्या गावांत निम्म्या नवरदेवांच्या वराती माझ्या पाठीवरून गेल्या. काही नवरदेव रडायचे. मी कोणाला सांगितलं नाही.

मग पावणे गावच्या मिथुनच्या वरातीत कोणीतरी माझ्या पायात फटाक्यांची माळ सोडली. समोर आचाऱ्यांनी भाताचं मोठं पातेलं उतरवून ठेवलेलं. वाट दुसरी नव्हती. मी नवरदेवासकट पातेल्यावरून उडी मारली. भाताचं शीतसुद्धा सांडलं नाही हो! पण मिथुनच्या मुंडावळ्या माझ्या आयाळीत अडकल्या आणि तो माझ्या गळ्याला मिठी मारून "आई, आई" करत मांडवात पोचला. त्यानंतर मला लग्नाला कोणी बोलावेना.

ती उडी एकीच्या मात्र डोळ्यांत भरली. निशिगंधा, हिरामणशेठची मुलगी. तेव्हा तेरा वर्षांची होती, दोन वेण्या आणि खरचटलेले कोपर. दुसऱ्या दिवशी तिने दोन बादल्यांवर बांबू आडवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी बांबूकडे बघितलं. तिथून आमचं सुरू झालं.

दहा वर्षं झाली. मला खरारा तीच करते, खोगीर तीच चढवते. उड्यांच्या स्पर्धांना पुण्याला गेलो, कोल्हापूरला गेलो, रंगीत फिती आणल्या. ती माझ्यावरून नऊ वेळा पडली. त्यात सहा वेळा चूक तिची होती, तीन वेळा माझी. मी खोटं बोलत नाही. तिने कधी उगाच लगाम खेचला की मी मान झटकून तिच्या हातातून तो काढून घेते. ती म्हणते, "नाटकं करू नको, मिरची." आणि हात सैल सोडते. आमचं असं आहे.

यंदा तबेल्यात घोडेस्वारी शिकवणाऱ्या नवीन बाई आल्या, तेजश्री मॅडम. हुशार बाई. पाय दाबून दुखणं ओळखतात. माझ्या पुढच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून त्या हिरामणशेठला म्हणाल्या, "सर, डॉक्टरांनी हिला फिट म्हटलंय, स्पर्धेतल्या उड्याही कमी उंचीच्या आहेत, ते ठीक. पण वय बघा. कर्जतला तुमचं फार्महाऊस आहे ना? तिथे सोडा. गवत खाईल, आराम करेल."

आराम! मित्रांनो, कर्जतचं ते फार्महाऊस मी पाहिलं आहे. एक चिकूचं झाड, एक कुंपण आणि दिवसभर कोणी नाही. रविवारी पाहुणे येतात आणि फोटो काढतात.

निशिगंधा भडकली. "बाबा, ती अजून पळते! खारघरची स्पर्धा आहे रविवारी. तिने पुरी फेरी मारली तर ती कुठे जाणार नाही. बोला."

"आणि थांबली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

"बघू," हिरामणशेठ म्हणाला.

मोठी माणसं "बघू" म्हणतात तेव्हा काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

रविवारी सकाळी खारघरच्या मैदानावर आम्ही पोचलो. आठ अडथळे, सगळ्यांवर रंगीत दांडे. घोड्याने नकार दिला, म्हणजे अडथळ्यापुढे थांबला, की एक चूक. दोन नकार झाले की बाद. चौदा घोडे होते. माझ्या शेजारी पाच वर्षांचं एक तपकिरी शिंगरू डोळे पांढरे करून फुरफुरत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि ते गप्प झालं.

आमचा पुकारा झाला. निशिगंधाने मानेवर थाप मारली. आम्ही दुडक्या चालीने आत शिरलो, घंटा झाली, मी पहिल्या दांड्यावर नजर लावली. पाच टापा उरल्या असतील. आणि कुंपणापलीकडून बेंजो वाजला.

हिरामणशेठचं हे काम! आपल्या घोडीचा मान म्हणून त्याने तळवलीची अख्खी बेंजो पार्टी टेम्पोतून आणली होती. लेकीला सांगितलं नव्हतं, तिला खूश करायचं होतं. ताशा, बेंजो, झांजा, सगळं एकदम. आमच्या लोकांना आनंद झाला की तो गुपचूप होतच नाही. दहा वर्षांत माझ्यापुढे बेंजो वाजला नव्हता. मला वाटलं होतं, विसरले असेन. पण पाय कुठे विसरतात? पहिल्या दांड्यापुढे मी थांबले आणि नाचायला लागले. उजवा पाय वर, डावा पाय वर, मान कमानीसारखी.

लोक हसायला लागले.

एक नकार झाला. निशिगंधाने लगाम खेचला. माझ्या जबड्यात कळ गेली आणि मी आणखी उंच पाय उचलले. "मिरची, प्लीज," ती म्हणाली. आवाज रडका होता. मला थांबायचं नव्हतं असं नाही हो. मला थांबता येत नव्हतं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही, आणि मी भर वरातीत शेपटी उचललेली घोडी आहे.

तेवढ्यात गोजराबाई कुंपणाजवळ जाऊन उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची, पण आवाज असा की खाडीपलीकडची होडी वळावी.

"बंद करा रे मुडद्यांनो! कोनाचं लगीन हाय का इथं?"

"आये, मान म्हणून..." हिरामणशेठ म्हणाला.

"तुझा मान चुलीत घाल! ती कामावर हाय, दिसत नाय?"

ताशा एकदम बंद पडला. मागाहून एक झांज वाजली, ती पण थांबली. मैदान असं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. निशिगंधाने दोन्ही हात पुढे केले, लगाम पार ढिला सोडला. आता ठरवायचं ते मीच, एवढं मला कळलं.

मी वळसा घेतला आणि निघाले.

पहिला दांडा, दुसरा, तिसरा. गुडघा बोलत होता, मी ऐकत नव्हते. पाचव्याला मागचा खूर घासला, दांडा खडखडला पण राहिला. सातव्यावर मला वीस वर्षांपूर्वीसारखा वारा कानात लागला. उरला आठवा, सगळ्यांत रुंद. निशिगंधाला घाई झाली. ती लांबूनच टाच मारत होती, आत्ता उड, आत्ता उड. तिथून उडायला मी पाच वर्षांची असायला हवं होतं. माझ्या पाठीवर पोर होती. मी तिचं ऐकलं नाही. मध्ये एक छोटं पाऊल जास्त टाकलं, दांड्याच्या जवळ गेले आणि जागच्या जागी उसळून पलीकडे उतरले. शेवटचा दांडा खाली गेला, पण मी थांबले नव्हते. फेरी पुरी झाली.

चौदांत आमचा नंबर आठवा आला. फीत नाही, कप नाही. त्या तपकिरी शिंगराला दोन नकार झाले आणि ते बाद झालं, हे मी मुद्दाम सांगत नाही, आपलं निघालं म्हणून सांगितलं. निशिगंधा माझ्या कानात म्हणाली, "तू बरोबर होतीस. मी चुकले." माणसं हे वाक्य फार कमी वेळा बोलतात. म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

हिरामणशेठचे डोळे भरून आले होते. रात्री त्याने सगळ्या तळवलीला जेवण दिलं. आणि सोमवारी सकाळी तबेल्यासमोर कर्जतचा टेम्पो उभा!

"बाबा!" निशिगंधा ओरडली. "फेरी पुरी झाली ना?"

"झाली म्हणून तर," हिरामणशेठ म्हणाला. "आता इज्जतीत जाईल. काल लोक हसले, तसं पुन्हा नको. तुला कळत नाही, तिच्या भल्यासाठीच करतोय."

त्याने मला झेंडूचा हार घातला. टेम्पोची फळी खाली टाकली. हार मी खाल्ला. फळीवर पाय ठेवला नाही.

गूळ दाखवला, गूळ घेतला. फळी नाही. चौघांनी मागून ढकललं. हा मूर्खपणा होता आणि एकाला तो लगेच कळला. तेजश्री मॅडमनी डोळ्यांवर कापड बांधून नेऊया म्हटलं. मी चारही पाय जमिनीत असे रोवले की इमारतींच्या बाल्कन्यांत माणसं चहा घेऊन उभी राहिली. टेम्पोवाला म्हणाला, "शेठ, वेटिंगचं टेन्शन नाय, पण ही हत्तीन हाय का?"

गोजराबाई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. ती उठली.

"हिरामन, तिला कोनी इचारलं?"

"आये, घोडी ती. तिला काय विचारायचं?"

"मला तरी कुठं इचारलंस? सातव्या मजल्यावर नेऊन बसवलंस. बोललास, आये, आता आराम कर. पायाखाली माती नाय, बोलायला मानूस नाय. लिफ्टमनशी बोलते मी दिवसभर." तिने पदर खोचला. "हे काय, चार पाय रोवून सांगते हाय ती. अजून कसं सांगायचं? लिहून देऊ का?"

हिरामणशेठने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग त्याने स्वतःच फळी उचलली आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

तेजश्री मॅडम माझ्या गुडघ्याजवळ बसल्या. "ठीक आहे. पण स्पर्धा बंद. रोज हलकं काम, आणि ज्या दिवशी ही लंगडेल त्या दिवशी सुट्टी. चालेल?" हे त्यांनी मला विचारलं. मला! मी त्यांची टोपी ओढली. त्यांना काय समजायचं ते समजलं.

निशिगंधाने खोगीर आणलं. गोजराबाई आता रोज सकाळी सातव्या मजल्यावरून खाली येते, तबेल्याच्या दारात मातीत पाय सोडून बसते आणि शिकायला आलेल्या पोरांना माझ्या वतीने शिव्या देते.

मित्रांनो, आता तुम्हाला एकच सांगते. आमची कीव करू नका. आम्हाला चंदी वेळेवर द्या, नाल झिजला तर बदला, पाय दुखला तर थांबा. पण कोणी म्हातारं दिसलं म्हणून लगेच त्याच्यासाठी गवत शोधायला धावू नका. आधी विचारा. आणि विचारायला समोरून या. मागून येणाऱ्याला मी अजून लाथ मारते.